ड जीवनसत्त्व : घरची तपासणी आणि तिचा आकडा



अलीकडे आपल्या घरोघरी ड जीवनसत्त्वाचा आकडा बोलला जातो. कोणी म्हणते 'माझे बारा', कोणी 'माझे अठरा', आणि लागलीच औषध सुरू होते. म्हणून या विषयावर थोडे बोलावे, असे आम्हाला वाटले.

घरची तपासणी अनेक प्रकारची असते. प्रयोगशाळेचा माणूस घरी येऊन शिरेतले रक्त नेतो, ही पद्धत आपल्याकडे अधिक रूढ आहे. दुसरीत बोटाला सुई टोचून रक्ताचे थेंब टिपकागदाच्या कार्डावर घेतात आणि वाळवून प्रयोगशाळेत पाठवतात. त्यासाठी हात कोमट पाण्याने धुवावेत, बोट पिळू नये, कार्डावरचे वर्तुळ पूर्ण भरावे. नाहीतर नमुना वाया जातो. घरीच निकाल दाखवणाऱ्या पट्ट्याही निघाल्या आहेत. त्यांवरून ढोबळ अंदाज येतो, इतकेच.

आकडा हाती आला की आधी त्याचे माप वाचावे. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमधले २० म्हणजेच नॅनोमोल प्रति लिटरमधले ५०. अंकी आणि अक्षरी रक्कम जुळल्याशिवाय आम्ही बँकेत चेक पुढे सरकवत नाही. रिपोर्टचे माप मात्र कोणीच वाचत नाही!

किती असावे, याबाबत तज्ज्ञांतही एकमत नाही. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०११ साली २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता मानली होती. त्याच संस्थेने २०२४ साली ठरावीक आकड्यांचा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांनी सरसकट तपासणी करू नये, असे सुचवले. तपासणीच्या जाहिरातीत हे सापडणार नाही. हाडे दुखणारे वृद्ध, पाय वाकलेली मुले, मूत्रपिंडाचे वा यकृताचे रुग्ण, फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे, यांची गोष्ट निराळी. त्यांनी घरच्या पट्टीवर न थांबता सरळ डॉक्टरांकडे जावे.

सकाळचे कोवळे ऊन उत्तम, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ऐकीव आहे म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ते इथेही लागू पडते. कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. आपली सावली उंचीपेक्षा आखूड पडते, त्या वेळचे ऊन लागते, आणि सावळ्या कातडीला ते थोडे अधिक वेळ लागते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन कामाचे नाही. सकाळी अभ्यासिकेत शिरून रात्री बाहेर पडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी दुपारच्या डब्याआधी थोडा वेळ अंगणात उभे राहावे.

आता औषधाविषयी. रोजची गरज ६०० युनिट धरली, तर ६०,००० युनिटची एक पुडी शंभर दिवसांच्या गरजेइतकी होते. डॉक्टर ती बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच देतात. ती रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, सारखी तहान लागते, मूत्रपिंडाला इजा पोचते. हे जीवनसत्त्व चरबीत साठते. जादा झालेले लवकर बाहेर पडत नाही. फेरतपासणी करायचीच असेल तर सुमारे तीन महिन्यांनी आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी. दुकानदाराने आपल्या मनाने पुडी दिली, तर डॉक्टरांची चिठ्ठी होईपर्यंत ती फोडू नये.

जयभीम!