हरल्यानंतरची सभा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात भोंगवली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्री. शरद पवार यांच्या राजकीय व क्रीडाक्षेत्रातील कार्यावर बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली तेव्हा आम्ही प्रथम कचरलो. आपल्या मंडळात सर्व पक्षांची मंडळी आहेत. भोर तालुका बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतो, आणि २०२४ साली तेथे नणंद-भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या तेव्हा आपल्याही कित्येक घरांत ताटावर बसून वाद झाले. शिवाय भाटघरचे पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने बारामतीच्या उसाला जाते आणि धरणाच्या उशाशी राहणारे आम्ही उन्हाळ्यात हंडे मोजतो, हे जुने शल्य आहेच. तेव्हा स्तुतिस्तोत्र गाण्यास आम्ही उभे नाही. हा गृहस्थ हरल्यावर काय करतो, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९४० चा. मातोश्री शारदाबाई १९३८ साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आलेल्या, म्हणजे सभेचे कामकाज त्यांनी घरातच पाहिले. १९६७ साली ते बारामतीहून विधानसभेत गेले, तेव्हा वय अवघे सव्वीस. १९७८ च्या जुलैत वसंतदादा पाटील यांचे मंत्रिमंडळ पाडून ते मुख्यमंत्री झाले, वयाची अडतीस वर्षेही पुरी नव्हती. ज्या मंत्रिमंडळात आपण बसलो तेच पाडावे, ही गोष्ट आम्हांस तेव्हाही रुचली नाही व आजही रुचत नाही. शिक्षकाच्या पेशात गेलेल्या माणसाला हजेरीपटावरील नाव असे एकाएकी बदललेले सोसत नाही, असे म्हणा हवे तर.

परंतु पुढचे पाहा. १९८० च्या फेब्रुवारीत ते सरकार बरखास्त झाले, निवडणुकीत सत्ता गेली आणि बरोबरचे बहुतेक आमदारही यथावकाश सोडून गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हे गृहस्थ शेतमालाच्या भावासाठी जळगावाहून नागपूरकडे शेतकऱ्यांची दिंडी घेऊन पायी निघाले. पुढे १९८८ साली ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, १९९१ साली देशाचे संरक्षणमंत्री, आणि १९९३ च्या मार्चमध्ये दंगलीने पोळलेल्या मुंबईत पुन्हा मुख्यमंत्री. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. त्या वेळचे त्यांचे काम सर्वज्ञात आहे, त्याचा विस्तार करीत नाही.

आता खेळाकडे वळू. पवारांनी स्वतः बॅटीने नाव काढले, असे कोणी म्हणत नाही. सासरे सदू शिंदे मात्र भारताकडून कसोटी सामने खेळलेले लेगस्पिनर होते. कबड्डी व कुस्ती यांच्या राज्य संघटनांचे अध्यक्षपद पवारांनी सांभाळले. २००१ साली मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या निवडणुकीत त्यांनी अजित वाडेकर यांचा पराभव केला. १९७१ साली ज्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज व इंग्लंड जिंकले ते वाडेकर! तेव्हा आम्हांस वाईट वाटले होते.

२००४ हे वर्ष ध्यानात ठेवावे. त्या वर्षी मुखाच्या कर्करोगावर त्यांची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ते केंद्रीय कृषिमंत्री झाले. सप्टेंबरात क्रिकेट नियामक मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. मते समसमान पडली, मावळत्या अध्यक्षांनी आपले निर्णायक मत दुसऱ्या पारड्यात टाकले आणि पवार हरले. असा पराभव फार झोंबतो. पुढच्याच वर्षी, २००५ च्या नोव्हेंबरात, ते त्याच मंडळाच्या सभेत पुन्हा उभे राहिले व निवडून आले. २००८ पर्यंत ते अध्यक्ष होते, आणि २०१० ते २०१२ आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे. भगिनींनी एक गोष्ट अवश्य जाणावी : स्त्रियांच्या क्रिकेटची वेगळी, गरीब संघटना २००६ साली नियामक मंडळात सामावली गेली ती त्यांच्याच कारकिर्दीत. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक उचलला, त्याची एक पायरी तेथे आहे.

याच काळात विदर्भात शेतकरी आत्महत्या करीत असता कृषिमंत्री क्रिकेटच्या सभांना बसतात, अशी टीका झाली. तिला मिळालेले कोणतेही उत्तर आम्हांस पटलेले नाही, हेही येथेच सांगून टाकतो.

२०२३ साली त्यांचा पक्ष फुटला, २०२४ च्या फेब्रुवारीत नाव व घड्याळ दोन्ही गेले. नवी तुतारी घेऊन लोकसभेच्या दहापैकी आठ जागा जिंकल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विधानसभेत जेमतेम दहा हाती लागल्या. वय चौऱ्यांशीच्या घरात. तरीही दौरे चालूच राहिले.

हे सर्व आम्ही का सांगत आहो? पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका क्रीडामंडळाच्या निवडणुकीत दोन मतांनी पडलो. त्यानंतर तीन वर्षे आम्ही त्या मैदानाकडे फिरकलो नाही. संध्याकाळी मुलांच्या कबड्डीचा आवाज कानी येई, आणि आम्ही खिडकी लावून वह्या तपाशीत बसू. त्या तीन वर्षांत पंचाचे काम जाणणारा दुसरा कोणी तेथे नव्हता, आणि मुले पंचावाचून भांडत राहिली. चूक सर्वस्वी आमची होती.

गतवर्षी आपल्या मंडळाची निवडणूक झाली. जे पडले त्यांच्या खुर्च्या आज डावीकडे रिकाम्या आहेत. त्यांतील एकांनी विद्यार्थी साहाय्य निधीचा हिशेब अकरा वर्षे पैपैचा ठेवला होता, आणि तो निधी यंदा अजून वाटला गेलेला नाही. परवा आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आदराने बसविले, वहिनींनी चहा दिला. विषय काढताच ते भाताच्या लावणीविषयी बोलू लागले. रविवारी आम्ही पुन्हा जाणार आहो. नूतन अध्यक्षांनी बरोबर यावे, अशी त्यांस या व्यासपीठावरूनच विनंती करतो.