झाडं गेली, मीठ वर आलं

आज ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांचा अनुभव सांगतो. त्या देशाच्या नैर्ऋत्य भागात पाऊस पडतो तो हिवाळ्यात, म्हणजे आपल्या जून ते ऑगस्टमध्ये. उन्हाळा कोरडा. भूमध्य समुद्राकाठी असतं तसंच हे हवामान.

तिथं निलगिरीच्या जातीची, खोल मुळांची झाडं होती. ती बारमाही जमिनीतलं पाणी ओढून घेत. विसाव्या शतकात गव्हासाठी हे रान तोडलं गेलं. गव्हाची मुळं त्यामानानं उथळ, पीकही काही महिन्यांचं. उरलेलं पाणी खाली मुरत गेलं आणि भूजलाची पातळी चढू लागली. हजारो वर्षं खोल मातीत साठलेलं मीठ त्या पाण्याबरोबर वर आलं. १० लाख हेक्टरांहून अधिक जमीन खारावली.

वुड नावाच्या रेल्वे इंजिनिअरनं १९२४ सालीच हे कारण लिहून ठेवलं होतं. तरी तोड पुढं अनेक दशकं चालली. आता झाडं लावूनही चढलेलं पाणी लवकर उतरत नाही.

आपल्या सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या जमिनी खारावल्या, त्याला मुख्य कारण जादा पाणी. पण पाणी वर आलं की मीठ वर येतं, हे दोन्हीकडे सारखंच.

म्हणून मंडळी, पाणी बेतानं द्या. निचऱ्याचे चर मोकळे ठेवा. बांधावरची झाडं राखा. आणि रानात पांढरी खपली दिसली, की वाट न पाहता माती तपासून घ्या.