फणसाडचं रान मोठ्या कागदावर

रोहा आणि मुरुड तालुक्यांत पसरलेलं फणसाड हे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान; १९८६ पासून अभयारण्य. इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. मोठ्या जलरंगचित्रासाठी मला याहून सुंदर विषय दिसत नाही! २२ बाय ३० इंचांचा जाड कागद आधी भिजवून फळीवर ताणून चिकटवा, म्हणजे रंगवताना त्याला लाटा येत नाहीत. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागदच. म्हणून गाणातल्या पाण्याची चकाकी सुरुवातीलाच राखून ठेवायची. आकाश रुंद ब्रशने, एका दमात. कोकणच्या दमट हवेत कागद सावकाश वाळतो. त्यामुळे दूरच्या डोंगरांच्या कडा ओल्यातच विरघळवता येतात. इथल्या शेकरूची, म्हणजे मोठ्या खारीची, झुपकेदार शेपटी अगदी शेवटी. तिला पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिरासारखा स्थिर हात हवा.