टोपलीचा वारसा



नवी दिल्लीतील मंदिर मार्गावरच्या वाल्मीकी मंदिरात महात्मा गांधींनी १९४६-४७ साली मुक्काम केला होता. त्यांची खोली जतन करण्यात आली आहे. त्याच परिसरातील सफाई कामगारांच्या वसाहतीत ३१ जुलै १९५७ रोजी, संप चालू असताना, पोलिसांनी गोळीबार केला आणि भूपसिंग हा तरुण ठार झाला. खोली पाहण्यास पाहुणे येतात. भूपसिंगचा स्मृतिदिन मात्र सफाई कामगारांनाच पाळावा लागतो. आणि पहाटेच्या अंधारात झाडू घेऊन बाहेर पडणाऱ्या स्त्रीला या दोन्ही आठवणींत कोठेच स्थान नाही.

वास्तविक या धंद्यातील सर्वांत हीन मानलेले आणि सर्वांत कमी मोबदल्याचे काम तिच्याच वाट्याला आले. राजधानीला लागून असलेल्या गाझियाबाद जिल्ह्यातील लोणीसारख्या भागात या शतकातही कोरडे संडास हाताने साफ करणाऱ्या प्रामुख्याने स्त्रियाच होत्या. उत्तर प्रदेशात ज्या घरांचा मैला एका कुटुंबाने उचलायचा, त्या घरांना ‘जागीर’ म्हणतात. शब्द सरदाराचा, पण हाती येते ती टोपली! सासू आपली जागीर सुनेच्या स्वाधीन करते. माहेरी जिने हे काम कधी केले नाही, तिच्याही डोक्यावर विवाहाबरोबर मैला येतो. मोबदला म्हणजे बहुधा शिळ्या पोळ्या, हंगामाला थोडे धान्य, सणाला जुने लुगडे. तिने काम सोडावयाचे ठरविले की गावातून हुसकावण्याची धमकी मिळते.

येथे दोन शोषणे एकमेकांत गुंतलेली आहेत. कुटुंबाने कोणता धंदा करावयाचा हे जात ठरविते, आणि त्या धंद्यातील कोणते काम स्त्रीने करावयाचे हे पुरुषसत्ता ठरविते. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेने हे नेमके ओळखले होते. बहुपत्नीकत्वाला विरोध, घटस्फोटाचा हक्क आणि कामकरी स्त्रियांना रजा या मागण्या तेथे एकाच व्यासपीठावरून झाल्या. घरातील प्रश्न वेगळा आणि कामावरील प्रश्न वेगळा, अशी विभागणी त्या भगिनींनी केली नाही.

कायदे झाले नाहीत असे नाही. १९९३ मध्ये पहिला कायदा झाला. दुसरा ६ डिसेंबर २०१३ पासून, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अंमलात आला. तरीही २०१३ आणि २०१८ च्या सर्वेक्षणांत हाताने मैला साफ करणाऱ्या ५८,०९८ व्यक्तींची नोंद झाली. ज्या ४३,७९७ जणांच्या जातीची माहिती उपलब्ध होती, त्यांपैकी ४२,५९४ अनुसूचित जातींचे होते. हा निव्वळ योगायोग कोण म्हणेल? पुनर्वसन म्हणून ४०,००० रुपये एकरकमी देण्याची योजना होती. एवढ्या रकमेत पिढ्यान्‌पिढ्यांच्या धंद्याला पर्याय उभा राहत नाही.

शहरात संडासांना नळ आले, तेव्हा टोपली गेली आणि गटार आले. गटारात पुरुष उतरतो. तो गुदमरून मेला की पुढचे सारे स्त्रीला भोगावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपयांची भरपाई ठरविली. पण ज्याचे नाव ठेकेदाराच्या हजेरीपटावर कधी चढलेच नाही, त्याची विधवा ही भरपाई कोणाकडे मागणार? आपला नवरा कामावर होता हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावरच येऊन पडतो. १३ एप्रिल २०१६ रोजी, देशभर १२५ दिवस फिरून, भीम यात्रा दिल्लीत पोहोचली. गटारात बळी गेलेल्यांच्या विधवा आणि माता तिच्यात होत्या. त्यांची मागणी दयेची नव्हती. आमच्या माणसांना मारणे थांबवा, एवढेच त्यांचे सांगणे होते.

पश्चिम उत्तर प्रदेशातील अनेक स्त्रियांनी आपल्या टोपल्या स्वतःच्या हाताने जाळल्या आहेत. परंतु त्यानंतर चूल कशी पेटणार, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या एकट्यांच्या धैर्यावर सोडता येणार नाही. कायमची नोकरी, घर आणि नुकसानभरपाई ही तिच्या स्वतःच्या नावावर झाली पाहिजेत. पतीच्या किंवा सासऱ्याच्या नव्हे. कामगार चळवळीच्या मागणीपत्रकात ही मागणी शेवटच्या कलमात नव्हे, पहिल्या कलमात यावी. तोपर्यंत जागीर नाव बदलून जिवंतच राहील.