एका मणक्याची ओळख

दिल्लीच्या पुराण्या किल्ल्याला लागून १९५९ साली प्राणिसंग्रहालय उघडले गेले. तेथील तळ्यांकाठच्या झाडांवर, पावसाळा सरता सरता, चित्रबलाक पक्षी आपण होऊन येतात व घरटी बांधतात. पाण्यात चोच बुडवून भक्ष्य शोधताना त्यांची मान अशी काही वळते, की हिच्यात हाडे नसावीतच, असा भास व्हावा. हाडे आहेत, आणि पुष्कळ आहेत. पक्ष्याच्या मानेतील मणक्याचे टोक घोड्याच्या खोगिरासारखे असते; एका अंगाने खोलगट, दुसऱ्या अंगाने फुगीर. म्हणून मान वरखालीही वाकते आणि आडवीही. पाठीचे मणके मात्र बरेचसे एकमेकांत सांधलेले. उडताना कणा ताठ राहिला पाहिजे ना!

आता जिराफाची मान घ्या. एवढ्या उंच मानेत मणके किती? अवघे सात. उंदराच्या मानेतही सात, हत्तीच्याही सात, आणि माणसाच्याही तितकेच. स्लॉथ आणि मॅनाटी हे या नियमाचे विरळा अपवाद होत. माणसाच्या मणक्यांचे पृष्ठभाग जवळजवळ सपाट असतात आणि दोहोंमध्ये कूर्चेची गादी असते. ती सरकली, की भल्याभल्यांना वैद्याचे दार गाठावे लागते.

रोहू माशाचा मणका पानात वेगळा काढून पाहावा. तो दोन्हीकडून खोलगट, थेट डमरूसारखा दिसतो. सापाचा मणका पुढून खोलगट, मागे गोळा; हा उखळीचा सांधा झाला. असे दोनशेहून अधिक सांधे एका ओळीत असूनही साप पिळला जात नाही, कारण प्रत्येक मणक्याला वरच्या बाजूस आणखी एक खुंटी आणि तिच्या मापाची खोबण असते.

मणक्याच्या आकारावरून प्राणी ओळखण्याचा प्रयत्न होतो, तो यामुळेच. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध झालेल्या स्लीमन यांना १८२८ साली जबलपूरजवळ काही अश्मीभूत मणके सापडले. १८७७ मध्ये लायडेकर यांनी ते शेपटीचे मणके पाहून त्या प्रचंड प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. पुढून खोलगट, मागून गोल, ही त्याची खूण. पुढे तीच खूण अनेक डायनोसॉरांत आढळली आणि २००३ साली ते नाव संशयास्पद ठरले. मूळ हाड पुन्हा तपासावे, तर ते कित्येक दशके बेपत्ता! अखेर २०१२ साली धनंजय मोहबे व त्यांचे सहकारी यांना स्लीमन यांचा एक मणका भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कलकत्त्यातील संग्रहातच सापडला.

दिल्लीचे नशीब तसे नव्हते. मंडी हाऊसजवळ १९७८ साली सुरू झालेले राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ च्या पहाटे आगीत सापडले. तेथील नमुन्यांची राख झाली, आणि राखेतून मणक्याचा आकार पुन्हा वाचता येत नाही.