आपले नाटक आपणच उभे करावे
(कळवा येथील सभेत केलेले भाषण)



शेतकरी-कारागिरांच्या सभेत नाटकाचा विषय कशाला, असे येथे बसलेल्या काही वडीलधाऱ्यांना वाटत असेल. पोट भरल्यावरची ही करमणूक, असा आपला समज आहे. हा समज आपल्याला किती महागात पडला, ते आज सांगावयाचे आहे.

जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहिले. एका गरोदर कुणबिणीला व तिच्या नवऱ्याला ग्रहपीडेची भीती घालून जोशी कसा नागवतो, हे त्यात आहे. शेवटी ते दोघे नवराबायको शिकण्याचा निश्चय करतात. हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे इतरांचे काही चालले नाही व नाटक नाकारले गेले, असे त्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त लिहून ठेवले. ते नाटक छापून निघाले १९७९ साली! म्हणजे सव्वाशे वर्षे ते अंधारात पडून राहिले. दक्षिणेचा पैसा तरी कोणाचा होता? रयतेच्या घामाचाच. पैसा आमचा, पारख दुसऱ्याची. मग आमचे लेखन कचऱ्यात जावे ह्यात नवल ते काय?

पण आपले लोक रडत बसले नाहीत. १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला, व पुढे त्याचे जलसे गावोगाव फिरू लागले. तमाशाचा साचा घेतला, भाषा आपल्या घरची ठेवली, आणि जे पुस्तक वाचू शकत नव्हते त्यांच्यापर्यंत विचार पोचविला. त्यांना नाट्यगृह नव्हते. गावची मोकळी जागा हेच त्यांचे नाट्यगृह. त्यांच्या पाठीशी समाज होता, म्हणून ते उभे राहिले.

आता आपल्या कळव्याकडे पाहू. खाडीपलीकडे ठाणे, अलीकडे आपण. भाताची खाचरे गेली, त्यांवर इमारती आल्या. खाडीचे पाणी नासले, कोळ्याचे जाळे रिकामे येऊ लागले. ह्या सर्वांवर नाटक कोणी लिहिले? नाटकात आमची आगरी बोली येते ती बहुधा हसे करण्यापुरती. गडी, मोलकरीण किंवा विदूषक बोलू लागला की ती ऐकावी. १९३३ पासून सहा वर्षे चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप चालविला, ती बोली तीच! १९३० साली चिरनेरला जंगल सत्याग्रहात लोक गोळ्यांना सामोरे गेले, तेही हेच बोलत होते. ज्या बोलीने संप केला ती हसण्याची कशी?

लिहिणारे आपल्यात नाहीत काय? आहेत. जालना जिल्ह्यातील जांबसमर्थचे शेतकरी राजकुमार तांगडे ह्यांनी वीजचोरीवर ‘आकडा’ नाटक लिहिले. पुढे त्यांनी लिहिलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ साली रंगभूमीवर आले, आणि खेड्यातल्या नटांनी ते शहरांतून गाजविले. इकडे ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेने रत्नाकर मतकरींच्या प्रेरणेने २०१४ साली ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तेथे वस्तीतील मुलांनी आपल्या जगण्यावरील नाटिका आपणच रचून केल्या. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने तर १९८५ पासून काही वर्षे नव्या नाटककारांना घडविण्याची योजनाच चालविली होती. तेव्हा ही गोष्ट अशक्य नव्हे.

लोहाराला भाता लागतो, सुताराला रंधा लागतो. नाटककाराला काय लागते? ऐकणारे कान, तालमीची जागा आणि बोलून दाखविणारे नट. कागदावरचे नाटक म्हणजे न भाजलेले मडके. ते भट्टीत घातल्याशिवाय कोठे तडा आहे हे कळत नाही. म्हणून आम्ही मंडळापुढे पुढील गोष्टी ठेवतो.

उत्सवाच्या वर्गणीतील रुपयामागे चार आणे नव्या नाटकासाठी बाजूला काढावे. जो मुलगा किंवा मुलगी लिहील, तिने प्रथम ते आपल्या आयाबहिणींपुढे वाचावे; ‘असे कोणी बोलत नाही रे’ हे त्याच प्रथम सांगतील. मग गावच्या नटांनी ते मोठ्याने वाचावे, लेखकाने गुमान ऐकावे आणि घरी जाऊन पुन्हा लिहावे. मग शेजारच्या गावी एक प्रयोग करावा, त्यानंतर आपल्या गावी. लिहिण्यासाठी ज्याचा रोज बुडतो त्याला तो भरून द्यावा. ही भीक नव्हे, मजुरी आहे. आणि नाटकात गावच्या पुढाऱ्यावर टीका आली म्हणून कोणी ते बंद पाडू नये. त्या कमिटीने जोतीरावांचे जे केले तेच आपण आपल्या पोरांचे केले, तर आपल्यात व तिच्यात फरक तो काय राहिला?

कर्ण्यांवर व मांडवावर एका रात्रीत किती पैसा उडतो, ह्याचा हिशेब प्रत्येकाने आज घरी जाऊन करावा. सकाळी त्यातले काय उरते? कान दुखणे. नाटक मात्र उरते. ते नातवंडेही करतील.

बंधुभगिनींनो, जोतीरावांच्या नाटकाला सव्वाशे वर्षे थांबावे लागले. आपल्या पोरांच्या वह्या पेटीत कुजू देऊ नका. पुढच्या सभेला ज्याच्या घरी अशी वही असेल त्याने ती घेऊन यावे. आम्ही ऐकावयास बसलो आहोत.