चौथा वाटा



अध्यक्षाने आभारप्रदर्शनात दहा मिनिटं घालवायची पद्धत आहे. ती वाचवून मी थेट उंदराकडे वळतो.

प्राणिघरात पिल्लं साधारण एकविसाव्या दिवशी आईपासून वेगळी करतात. उमेदवारीच्या काळात हे काम माझ्याकडे होतं. पिल्लू शेपटीला धरून उचलायचं, नर की मादी पाहायचं, वहीत टिपायचं. पण एका रांगेतल्या पिंजऱ्यांत आईबाप दोघंही आखूड शेपटीचे. तिथल्या बऱ्याच पिल्लांना धरायला शेपूटच पुरत नसे. मानेची कातडी चिमटीत घ्यावी लागे. आणि माझा हिशेब काही केल्या जुळेना. मेंडेलच्या नियमाने तीन आखूड, एक लांब यायला हवीत. माझ्या वहीत दोनास एक. मी नवखा होतो, पुन्हा मोजलं. मोजणी बरोबर होती. चौथा वाटा जन्मालाच येत नव्हता.

हा वंश 1927 सालचा. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये उंदरांवर क्ष-किरणांचे प्रयोग करणाऱ्या नादीन डोब्रोवोल्स्काया-झावाद्स्काया या रशियातून आलेल्या शल्यविशारद बाईंना तो सापडला. नाव पडलं ब्रॅकियुरी, म्हणजे ग्रीकमध्ये आखूड शेपटी. पुढे हे उंदीर न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात एल. सी. डन यांच्याकडे पोचले. 1936 मध्ये तिथे सालोमे ग्लुकसोन-वेल्श आल्या. नाझींमुळे जर्मनी सोडावी लागलेल्या, हान्स श्पेमान यांच्या विद्यार्थिनी. श्पेमान यांच्याकडे गर्भावर हात बसलेला, पण जनुकांना तिथे कोणी विचारत नसे. डन यांच्याकडे नेमकं उलटं. या दोन विद्या एका बाईच्या टेबलावर भेटल्या, आणि माझ्या मते विकासाचं जनुकशास्त्र तिथे सुरू झालं.

चौथा वाटा पाहायचा तर मादी विण्याची वाट बघून चालत नाही. दहाव्या दिवसाच्या आसपास गर्भाशय उघडावं लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली डोकं दिसतं, हृदय दिसतं, पुढचे काही मणक्यांचे गोळेही. त्यानंतर अंग संपतं. कंबर नाही, मागचं धड नाही, पृष्ठरज्जू धड बनलेला नाही. तरी गर्भ दगावतो तो शेपटीवाचून नव्हे. नाळ जिच्यापासून व्हायची ती पिशवी वारेपर्यंत पोचत नाही, आणि आईशी जोडच लागत नाही. जनुकाची एक प्रत बिघडली तर शेपूट आखडते; दोन्ही बिघडल्या तर धडच उभं राहत नाही.

1990 मध्ये हे जनुक वेगळं काढण्यात आलं. त्याचं प्रथिन डीएनएला चिकटून इतर जनुकांना कामाला लावतं. म्हणजे त्याला शेपटीचं जनुक म्हणणं म्हणजे मुकादमाला विटेचं नाव देणं. पण नाव पडलं ते बिघाडावरून, आणि तेच चिकटलं. आपल्या मराठी विज्ञानलेखनात ‘अमक्याचं जनुक सापडलं’ हा मथळा दर महिन्याला दिसतो. मीही पूर्वी असे दोन-तीन लिहिले आहेत. ते कोणी शोधू नयेत.

आपण सगळे आत्ता ज्या हाडावर बसलो आहोत, त्याला मराठीत माकडहाड म्हणतात. गंमत अशी, की माकडाला शेपूट असते. नसते ती आपल्याला, चिंपांझीला, गोरिलाला. 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवलं, की या बिनशेपटीच्या मंडळींत याच जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसलेला आहे. त्यामुळे प्रथिनाचा एक भाग अधूनमधून गाळला जातो. तोच प्रकार उंदरांत घडवला तेव्हा काही पिल्लं आखूड शेपटीची झाली, काही बिनशेपटीची. शेपूट जाण्यामागे एवढं एकच कारण असेल असं मला वाटत नाही. मला खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच नोंदीने: त्यांतल्या काही पिल्लांच्या पाठीचा कणा नीट मिटला नव्हता. माणसाच्या तान्ह्या बाळांतही हा दोष आढळतो.

पहिल्या सत्रातले दोन निबंध याच दोषावर आहेत. मी खाली येऊन, माकडहाड टेकवून, ते ऐकतो.